माशांच्या टाकीची गुडगुड

ताटातला रोहूचा तुकडा निवांत संपवून भवतोष लाहिडींनी हात धुतले, लोड कुशीत घेतला आणि डोळे मिटले. बैठकीतल्या माशांच्या टाकीनं तेवढ्यात गुडगुड केली.

"निरू," डोळे न उघडता ते मुलाला म्हणाले, "तुझ्या माशांना अजीर्ण झालंय. औषध आण जा."

निरुपम टाकीखालच्या कपाटात डोकं खुपसून बसला होता. उत्तर कोलकात्यातल्या त्या फ्लॅटमध्ये त्याला स्वतःचं म्हणावं असं एवढंच होतं. टाकीच्या कोपऱ्यातल्या कप्प्यात वरचं पाणी ओसंडायचं, तिथून उभ्या नळीनं कपाटातल्या दुसऱ्या टाकीत पडायचं, आणि पंप ते गाळून परत वर चढवायचा. मासे सुखात होते. पण ती नळी पाण्याबरोबर हवाही गिळायची, आणि गिळताना पाहुण्यांनी वळून बघावं असा आवाज काढायची.

शेवटी एके दिवशी भवतोषबाबूंनी जाहीर केलं, "मी चंदननगरला जातो. मुलीकडे निदान दुपारी झोपू तरी देतील."

निरुपम कपाटातून ताडकन बाहेर आला. माशांपायी बापाला घराबाहेर काढलं, ही बातमी गल्लीत पसरली असती तर चहाच्या दुकानात तोंड दाखवायची सोय उरली नसती. त्याच्या बायकोनं, केयानं, तर निकालच देऊन टाकला.

"या रविवारपर्यंत आवाज थांबला नाही, तर टाकी गॅलिफ स्ट्रीटच्या मासे-पाखरांच्या बाजारात विकायला जाईल. माशांसकट. बाबा कुठंही जाणार नाहीत."

"आणि मी?"

"टाकी उचलायला तू लागशीलच."

निरुपमनं जुनी नळी कापून काढली आणि नवी बसवली. तिच्या तोंडाला वाकडा जोड लावला, जोडाला हवेसाठी भोक पाडलं. गुडगुड गेली आणि शिट्टी आली. भवतोषबाबूंनी आतून विचारलं, "डाळ शिजली का रे?" भोक मोठं केलं, तर शिट्टी जाऊन घोरणं सुरू झालं. मग त्यानं नळीच्या तोंडात स्पंजाचा तुकडा कोंबला.

"कुणीतरी मुसमुसतंय असं वाटतं," केया म्हणाली.

"मीच असेन," निरुपम म्हणाला. तो खरंच रडकुंडीला आला होता.

शेवटचा उपाय टाकीचं सामान विकणाऱ्या दुकानदारानं सांगितला. नळीला खाली तोटी लावायची आणि ती इतकी आवळायची की नळी पाण्यानं पूर्ण भरून वाहील, हवेला शिरायला जागाच उरणार नाही. "पण दादा, तुंबली तर पाणी जायला दुसरी मोकळी नळी हवी," असंही तो म्हणाला होता. तिच्यासाठी काचेला आणखी एक भोक पाडावं लागलं असतं. निरुपमनं आपले मासे पाहिले, काच पाहिली आणि दुसरी नळी रद्द केली.

रविवारी जेवणाआधी त्यानं तोटी केसाकेसानं आवळली. आवाज बारीक झाला, आणखी बारीक झाला, आणि थांबला. नळीला कान लावूनही काही ऐकू येईना. निरुपमला इतकं हलकं वाटलं की भात दोनदा घेऊन तो खाटेवर पडला आणि पडल्या पडल्या झोपला.

जाग आली ती दाराच्या घंटेनं. दारात खालच्या मजल्यावरचे हालदारबाबू उभे होते. गंजीफ्रॉक ओला, काखेत ओली उशी.

"निरुपम, तुझ्याकडे काही फुटलंय का बघ. माझ्या तोंडावर पाणी पडतंय. आणि ते माशाच्या वासाचं आहे."

निरुपम बैठकीत धावला. टाकी काठोकाठ भरून काठावरून ठिबकत होती, खालची टाकी कोरडी पडून पंप बोंबलत होता, आणि फरशीवर साचलेल्या पाण्यात, धोतर वर धरून भवतोषबाबू उभे होते. दुसऱ्या हातात रिकामी वाटी. कोपऱ्यातल्या कप्प्यात कुरमुऱ्यांची लापशी होऊन नळी तुंबली होती.

"बाबा, हे काय केलंत?" पंपाचं बटण बंद करत निरुपमनं विचारलं.

"काय करणार? आवाज थांबला. मला वाटलं यंत्र बंद पडलं, आता हे बिचारे गुदमरणार. तुला दोन हाका मारल्या, तू ढिम्म. म्हटलं, जाता जाता उपाशी तरी जायला नकोत."

"म्हणून कुरमुरे?"

"मोहरीचं तेल नव्हतं लावलं. कोरडेच दिले."

केयानं कपाळाला हात लावला. "पण बाबा, आवाजानं झोप येत नाही म्हणून तर तुम्ही चंदननगरला निघाला होतात."

भवतोषबाबू सुनेला म्हणाले, "आवाज होता तेव्हा मी चिडून जागा होतो, बौमा. आज काळजीनं जागा होतो. काळजी फार वाईट."

निरुपमला रागवायचं होतं, पण त्यानं वडिलांच्या हातातली वाटी नुसती काढून घेतली. इतके महिने म्हातारा आतल्या खोलीत पडून त्याच्या माशांवर कान ठेवून होता, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यानं नळीतली लापशी काढली, हालदारबाबूंना कोरडी उशी आणि चहा दिला, खालची टाकी भरली आणि तोटी सताड उघडली. नळी हवा गिळू लागली. घरभर आवाज झाला.

टाकी वाचली होती, वडीलही राहणार होते. निरुपम पुन्हा आडवा झाला.

"निरू," आतून हाक आली. "हा तो नव्हे."

"काय तो नव्हे?"

"आवाज. पहिला जाड यायचा, मग दोन बारीक, आणि जरा दम खाऊन एक लांब. हा नुसताच वाहतोय. यावरून मला कसं कळणार ते बरे आहेत की नाहीत?"

निरुपम उठून बसला. ती जुनी नळी कचऱ्याच्या गाडीतून केव्हाच गेली होती. केयानं करवत आणून त्याच्या हातात दिली. त्यानं कपाटात डोकं खुपसलं आणि पुढचे कित्येक रविवार ते बाहेर काढलं नाही.

"अजून जाड," भवतोषबाबू लोड कुशीत घेऊन आतून सांगत असत.