फटीतून कांदेपोहे

लाकूड आणि रंग या दोन गोष्टींतलं मला जेवढं कळतं, तेवढं अख्ख्या संभाजीनगरात कुणाला कळत नसेल! उभी हयात वाळूजच्या कंपनीत लोखंडाशी झटापट केलेला माणूस मी. लाकूड म्हणजे माझ्यापुढं लोण्याचा गोळा! म्हणून रिटायर झाल्यावर वेरूळ रोडच्या शेतात मी लाकडी घर बांधायला काढलं. बाहेरून सगळ्या फळ्याच फळ्या, पुढं ओसरी. लेकीला, म्हणजे आमच्या वैजयंताला, बघायला येणारे पाव्हणे नुसते बघत राहतील असं!

"पाव्हणे पोरीला बघायला येनार हायेत का घराला?" आमच्या मंडळी, द्वारकाबाई, म्हणाल्या.

मी असल्या प्रश्नांना उत्तरं देत नाही. तडक करीमभाईची वखार गाठली. एकेका फळीवर टकटक करून, कान लावून, डॉक्टरसारखा चेहरा करून मी माल निवडला.

"नाना, ये लकडी अबी गीली हय," करीमभाई म्हणाला. "सुकने दो जरा."

"करीमभाई, ओल्या लाकडात जीव असतो!"

"जीव हय, इसीलिए तो बोलरा हूं. बाद में हिलेगी वो!"

मी हसलो. पाव्हण्यांची तारीख ठरली होती, लाकूड सुकेपर्यंत थांबणार कोण?

घर उभं राहिलं. मग रंग. द्वारकाबाईंना आकाशी पाहिजे होता. मी क्रांती चौकातल्या दुकानात ट्यूबलाइटच्या उजेडात बघून मस्त काथ्या रंग आणला. शेतावर उन्हात लावला, तर काथ्या कसला, लालभडक! त्यात पांढऱ्या चौकटी. मी लांब जाऊन डोळे बारीक करून बघत होतो, तेवढ्यात एक म्हातारी गाठोडं घेऊन आली आणि ओसरीवर टेकली.

"कुणाकडं आलात, मावशी?"

"कुनाकडं नाय बाबा. कन्नडची गाडी कवा सुटनार हाय?"

द्वारकाबाई पदर तोंडाला लावून घरामागं पळाल्या. खांदे गदागदा हलत होते! म्हातारीला चहा पाजून रस्त्यावरच्या खऱ्या एसटीत बसवून दिलं, आणि तिथंच मी हात टेकले. आकाशी तर आकाशी! पण पाव्हणे येणार दुसऱ्या दिवशी दुपारी. सकाळी उठून मी एकट्यानं अख्ख्या घरावर आकाशी चोपडला. खालचा लाल दिसू नये म्हणून दारंखिडक्यांना तर असा जाड, की पुरणपोळीवर तूप! धूळ बसू नये म्हणून खिडक्या ओल्या रंगातच लावून घेतल्या. दार तेवढं उघडं.

पाव्हणे आले. तात्यासाहेब, म्हणजे मुलाचे वडील, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. त्यांच्या मंडळी चतुराबाई. आणि मुलगा मिलिंद, लाजून जमिनीकडं बघणारा. द्वारकाबाई आणि वैजयंता घरामागं चुलीवर पोहे करत होत्या. मी तिघांना आत बसवलं आणि घराचं वर्णन सुरू केलं. "ही फळी बघा, तात्यासाहेब, जिवंत लाकूड..." तेवढ्यात वारा सुटला आणि दार धाडकन बंद झालं!

मी ढकललं. ढिम्म! खांदा लावला. दार जागचं हललं नाही, माझा खांदा मात्र आकाशी झाला. खिडक्या सकाळपास्नंच चिकटलेल्या.

"काय झालं?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"काही नाही. दार जरा मजबूत आहे!"

"अहो," बाहेरून द्वारकाबाईंचा आवाज आला, "पोहे निवाया लागलेत. दार उघडा की!"

"तूच उघड!"

बाहेरून त्या दोघी ओढतायत, आतून आम्ही ढकलतोय. तात्यासाहेबांनी तर पाठच लावली, आणि शुभ्र शर्टावर दाराची अख्खी चौकट उमटली. चतुराबाई कपाळाला हात लावून बसल्या. स्थळ गेलं! लेकीचं चांगलं स्थळ मी स्वतःच्या हातानं रंगवून घालवलं!

द्वारकाबाईंनी करीमभाईला फोन लावला. तो येईपर्यंत मी पुन्हा दाराशी झटापट करत होतो. आणि तेवढ्यात मला कुजबुज ऐकू आली. वळून बघतो, तर मिलिंद भिंतीला डोळा लावून उभा! ओल्या फळ्या वाळून आक्रसल्या होत्या आणि मधे चांगली बोटभर फट पडली होती. फटीपलीकडं वैजयंता होती.

"चमचा जाईल, बशी जाणार नाही," ती म्हणत होती. "आधी आईंना देऊ का?"

एकेक चमचा पोहे आत येऊ लागले. चतुराबाईंनी तोंड पुढं केलं, मग तात्यासाहेबांनी. माझा नंबर आला तेव्हा पोहे संपले होते. पण मिलिंद काही फट सोडीना! बोलणं चाललंच होतं, मधूनच दोघं हसत होती. ओसरीवर समोरासमोर बसवलं असतं, तर दोघांच्या तोंडून एक शब्द निघाला नसता.

करीमभाई आला, त्यानं पहारीनं चार फळ्या उचकटल्या आणि आम्ही एकेक करून भिंतीतून बाहेर पडलो. तात्यासाहेबांना दोघांनी ओढावं लागलं.

मी हात जोडून माफी मागायला तोंड उघडलं. तात्यासाहेबांनी हात वर केला.

"नानासाहेब, पोरगी आमाला पसंत हाय. अडचनीत बी हसती, आनि आधी सासूला घास देती. पर एक अट हाय."

"बोला, तात्यासाहेब! काय म्हणाल ते!"

"लगीन मोकळ्या रानात लावायचं. आनि मांडवाला दार ठिवायचं नाय!"

मी ताबडतोब कबूल केलं. मांडवाच्या खांबांना कोणता रंग शोभेल हेही सुचवणार होतो, पण द्वारकाबाईंनी ब्रश विहिरीत टाकला.