जुन्या बागेतील माव्याची मोहीम

श्री. ज्याणें पानास हिरवेपण दिलें त्यास नमन करून, घडलें तैसें लिहितों. शके सोळाशें पन्नास, कीलक नाम संवत्सरे, श्रीमंत स्वामींनीं राजधानी नदीपार नेली, आणि मागें शहर ओस पडलें, आणि जुन्या बागेंत डाळिंबाचीं चाळीस झाडें व त्यांची राखण करणारी सगुणाबाई माळीण इतकेंच उरलें. झाडें तिचे पती जिवाजी यांनीं लाविलीं होतीं. ते मागील सालीं निवर्तले. मग माघमासीं झाडांवर मावा पडला, आणि कोवळे शेंडे त्या बारीक किडीनें भरले, आणि पानें मुरडून चिकट जाहलीं. वर्तमान दरबारीं पोहोंचलें. मग लिंगोपंत कारकून घोड्यावरून येऊन हुकूम सांगते जाहले, "बाई, ही कीड नदीपारच्या नव्या बागेंत येईल. झाडें तोडून जाळावीं."

बाई बोलिली, "पंत, आठ दिवस द्या. नाहींच जमलें तर कुऱ्हाड मीच लावीन."

पंतांनीं मुदत दिली. मग बाईनें तंबाखू भिजवून त्यांत रिठ्याचा फेस मिळविला, आणि फडकें बुडवून एकेक पान उलटून पुसूं लागली. तीन दिवसांत बोटें सोलवटलीं, आणि चौथे दिवशीं पुसल्या झाडांवर मावा पुन्हा दिसला. तेव्हां बाई बुंध्याशीं बसून रडली, कीं आतां विचारावें कोणास? तों समोरच खोडावर मुंगळ्यांची रांग चढतां दिसली. मुंगळे माव्याच्या अंगचा गोड चिकट रस खात, आणि माव्यास खाणारे ठिपक्यांचे लाल किडे हाकलून देत. मग तिणें खोडाखोडास चिंधी बांधून तीस राळ व एरंडेल चोपडलें, आणि मुंगळे खालींच अडले, आणि लाल किड्यांनीं राहिला मावा फस्त केला.

आठवे दिवशीं पंत आले आणि शेंडे निरखून बोलिले, "शाबास बाई! झाडें राहोत."

बाईनें घोंगडें पसरिलें. "घटकाभर बसावें, पंत. आठ दिवस कोणाशीं बोललें नाहीं."

"पैलतीरची नाव सुटेल, बाई. पुन्हा कधीं," म्हणून पंतांनीं घोडा वळविला. टापा ऐकूं येईनाशा जाहल्या, मग बाई त्याच घोंगड्यावर एके कडेस बसली.

येणेंप्रमाणें मावा गेला, चाळीसही झाडें जगलीं. दप्तरीं "बाग निरोगी" इतकेंच नमूद जाहलें. बाकी हकीकत तिणें सांगावी असें कोणी तेथें नव्हतें, सबब येथें लिहिली.