दिगंबररावांचा हिस

दिगंबररावांच्या घरी गेलात तर ते 'या, बसा' म्हणत नाहीत. तुमच्या डोक्यावर हेडफोन चढवतात आणि विचारतात, "हिस येतोय का?" पाणी नंतर, चहा त्याच्याही नंतर. मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या एका बिचाऱ्या गृहस्थाला त्यांनी असंच ओटीवर अडकवून ठेवलं होतं. तो म्हणाला, "अहो, छान स्वच्छ आहे की!" तर यांचं तोंड एवढंसं झालं. लग्नालाही गेले नाहीत.

हा माणूस माझा साडू. रेकॉर्डिंगमध्ये मागे जो 'सूंऽऽ' असा बारीक आवाज येतो, त्याला ते हिस म्हणतात आणि तो काढणं हे त्यांचं जीवितकार्य आहे. सांडोर गावी केळीची वाडी, विहीर, पोफळी, बायको, सगळं देवाने दिलंय. रिटायर झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, नाहीतर सोसायटीच्या कमिटीत भांडतात. यांनी शांतता रेकॉर्ड करायला घेतली. आमच्या आचोळ्याच्या बिल्डिंगीखाली चोवीस तास रिक्षा कोकलतात. गावातली शांतता पुरत नव्हती तर घर बदलून घ्यायचं होतं, मी आनंदाने दिलं असतं.

त्यांना हवाय एकच आवाज. केळफुलाची जांभळी पाकळी सुटते आणि खालच्या सुक्या पानावर पडते, तो. लहानपणी ओटीवर झोपलेले असताना त्या आवाजाने जाग यायची म्हणे. "आता मध्ये हिस येतो," असं सांगून ते मशीनकडे अशा नजरेने बघतात, जणू त्याने त्यांचं शेत बळकावलंय.

या एका पाकळीपायी घरादाराचा छळ चाललाय. वाऱ्याचा आवाज लागू नये म्हणून माइकला केसाळ टोपी हवी होती, तर आमच्या नातीचं टेडी बेअर सोलून काढलं. ते अस्वल अजून आमच्या सोफ्यावर कापूस बाहेर काढून बसलंय. आवाज गोळा करायला पुरणाची परात केळीला बांधली आणि त्या वर्षी होळीच्या पोळ्यांची कणीक जेवायच्या ताटात मळावी लागली. रेकॉर्डिंगच्या वेळी सुलभाताईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, हातातल्या बांगड्या उतरवायच्या. मला तर वाडीत यायलाच बंदी. एकदा उकिडवा बसलो होतो, तर म्हणाले, "साडूभाऊ, तुमचा गुडघा टेपवर आला. पुढच्या वेळी घरी ठेवून या."

शेजारच्या वाडीतल्या बस्त्यावमामांनाही सोडलं नाही. सकाळी सकाळी कुंपणाशी जाऊन म्हणाले, "पंप बंद कर, मी शांतता भरतोय."

मामा म्हणाले, "दिगू, मिरच्यांना तुझी शांतता पाजू का? त्यांना पानी लागतं!" आणि पंप आणखी अर्धा दिवस चालू ठेवला. बरं केलं.

मीही एकदा शहाणपणा केला. म्हटलं, कॉम्प्युटरवर एक बटण दाबलं की हिस जातो. दाबलं. हिसाबरोबर पानांची सळसळ गेली आणि बुलबुल तर विहिरीत बुडताना ओरडल्यासारखा झाला. "असं नसतं साडूभाऊ," ते म्हणाले. "नंतर खरवडायचं नाही. मुळात स्वच्छ घ्यायचं. माइक आवाजाच्या जवळ न्यायचा आणि आपण गप्प बसायचं." शेवटचे तीन शब्द माझ्याकडे बघून म्हणाले.

मला खरा राग यायचा तो सुलभाताईंचा. हे दर वेळी विचारणार, "हिस येतोय ना गं?" आणि त्या मान हलवणार, "येतोय हो, थोडासा." झालं! लगेच नवीन माइक, नवीन वायर, नवीन बॅटरी. नवऱ्याच्या वेडाला खतपाणी घालणारी अशी बायको मी दुसरी पाहिली नाही.

परवा सकाळी गेलो तर नवा माइक आलेला. पहाटेचं ताजं रेकॉर्डिंग. ओटीवर बसताक्षणी हेडफोन डोक्यावर. मी ऐकू लागलो आणि खरं सांगतो, चाटच पडलो. नितळ शांतता! लांब कुठेतरी बुलबुल, पानावरून ओघळणारं दव, आणि मग अगदी कानाशी, टप्प. सुक्या पानावर पाकळी पडली.

"दिगंबरराव!" मी ओरडलोच. "जिंकलात! हिसाचा मागमूस नाही!"

पेढे वाटतील असं वाटलं होतं. त्यांचा चेहरा पडला. "नीट ऐका," ते म्हणाले. "अहो, केवढा येतोय."

"छे! शप्पथ नाही."

ते वायर उगाचच पुसत बसले. मी तावातावाने स्वयंपाकघरात गेलो. सुलभाताई हाताला तेल लावून केळफूल सोलत होत्या.

"ताई, तुम्ही का त्यांना खोटंखोटं चढवता? त्यात हिस नाहीच आहे!"

"हळू बोला, भाऊजी." त्यांनी मान वर केली नाही. "हिस त्यांच्या कानात आहे. डॉक्टर म्हणाले, जायचा नाही. जेवताना येतो, झोपताना येतो. बारीकसारीक आवाज तर गेलेच."

"मग त्यांना माहीत नाही का?"

"न माहीत असायला काय झालं? म्हणून तर दिसेल त्याला विचारतात. एकाने जरी हो म्हटलं, तरी दोष मशीनचा ठरतो. मशीन बदलता येतं, भाऊजी."

इतकी वर्षं मी या माणसाची टवाळी करून सगळ्या नातेवाइकांना हसवलंय. त्या क्षणी मात्र पाय न वाजवता मी ओटीवर परत आलो.

"दिगंबरराव, परत लावा बरं. मघाशी बहुतेक पंख्यामुळे कळलं नाही." हेडफोन चढवले. तीच नितळ शांतता. मी कपाळाला आठ्या घातल्या. "आहे हो. बारीक आहे, पण आहे. वायरमध्ये असणार."

"मी म्हणत नव्हतो!" ते ताडकन उठले. "अगं ए, साडूभाऊंनासुद्धा येतोय! वायरच हलकी निघाली!"

मग खुर्ची माझ्याजवळ ओढून बसले. आवाज एकदम उतरला. "हिसाच्या मागे... ती पाकळी पडते, ती येते का ऐकू?"

"येते."

"मग पडली की बोट वर करा."

मी कान देऊन बसलो. ते माझ्या हाताकडे टक लावून बघत होते. बुलबुल बोलला, दव ओघळलं, आणि टप्प. मी बोट वर केलं.

"पडली?"

"पडली."

दिगंबरराव हसले. इतकं खूश झालेलं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. पुन्हा लावू का, असं ते विचारणार, त्याआधीच मी म्हटलं, "परत लावा."