टिपणीसांचं नाक

टिपणीसकाका कुणाच्याही घरी गेले की आधी त्यांचं नाक आत जातं, मग ते. चपला काढता काढता दोन मोठे श्वास घेतात, मान जरा तिरकी करतात आणि मगच "काय म्हणताय?" असं विचारतात. दिल्लीत आर. के. पुरमला त्यांच्या खालच्या मजल्यावर आम्ही राहायला आलो, तेव्हा मला वाटलं शेजारधर्माने चौकशीला आलेत. त्यांनी मला ओलांडून थेट स्वयंपाकघर गाठलं, गॅसच्या नळीला नाक लावलं आणि म्हणाले, "ठीक आहे. आता चहा टाका."

मला राग आला होता. चहा टाकला, पण राग आला होता.

काका सरकारी प्रयोगशाळेत आहेत. कारखान्यांची एरंडाची, करंजाची, जवसाची तेलं आणि त्यांचे साबण किती सहज पेट घेतात ते तपासायचं, ही त्यांची नोकरी. छोट्या भांड्यात तेल हळूहळू तापवायचं, वरून इवलीशी ज्योत फिरवायची आणि कुठल्या तापमानाला वाफ भपकन पेटते ते बघायचं. आयुष्यभर हेच केल्यामुळे जगातल्या वस्तूंचे त्यांच्या लेखी दोनच प्रकार उरलेत, पेटवून बघितलेल्या आणि पेटवून न बघितलेल्या. माझ्या भाचीने हौसेने केलेला कडुनिंबाचा साबण मी त्यांना दिवाळीला दिला, तर काही दिवसांनी अर्धा जळका तुकडा परत घेऊन आले. "चांगला आहे. धूर फार करतो, पण ज्योत धरत नाही." अंगाला लावून बघितलात का, असं मी विचारलं. ते त्यांना सुचलंच नव्हतं.

कुणी कशाची खात्री दिली की त्यांचा प्रश्न ठरलेला, "पेटवून बघितलंय?" भाजीवाल्यालासुद्धा सोडत नाहीत. "जलाके देखा है?" असं ऐकल्यावर तो बिचारा हातातला दुधी खाली ठेवतो.

त्यांच्या बायकोचा, शैलाकाकूंचा, स्वभाव अगदी उलटा. हसऱ्या, कुणाच्याही घरी कार्य असलं की पदर खोचून मदतीला हजर. आमच्या मंडळाच्या गणपतीचा नैवेद्य त्यांच्याच हातचा. पण तिथेही काकांचं नाक मध्ये. नारळ फोडला की हुंगणार, दूध तापलं की हुंगणार, आणि कहर म्हणजे देवाला दाखवायच्या आधी मोदकांवर वाकून वास घेणार. नैवेद्याचा वास घेतला की तो उष्टा होतो, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. बायका दरवर्षी कुरकुरायच्या. "देवाला खवट नारळ चालतो का?" असं काका उलट विचारायचे.

यंदा मात्र त्यांनी हद्द केली. मंडळाचे अध्यक्ष भोसेकरसाहेब, मिनिस्ट्रीत काकांपेक्षा बरेच वरचे, एक जुनं लाकडी मखर घेऊन आले. सकाळी आम्ही सगळ्यांनी मिळून ते जवसाच्या तेलाने घासून चकचकीत केलं. तेलाच्या चिंध्या इकडेतिकडे पडायला नकोत म्हणून एका खोक्यात गच्च दाबून भरल्या आणि खोकं मंडळाच्या हॉलमागच्या कोठीत सारलं. त्याच कोठीत शैलाकाकू दार लोटून मोदक उकडणार होत्या.

दुपारी काका आले, दारात थबकले, म्हणाले, "जवस." आणि कोठीतून ते खोकं ओढत बाहेर आणायला लागले.

"अरे टिपणीसजी, प्लांट-बेस्ड तेल आहे," साहेब म्हणाले. "बिल्कुल नॅचरल. ना पेट्रोल, ना केमिकल."

"वणवाही नॅचरलच असतो, साहेब."

"तुम्हीच सांगता ना, अलसी का तेल जल्दी आग नहीं पकड़ता?"

"भांड्यातलं नाही पकडत. चिंधीवरचं वाळताना आपोआप गरम होतं. ढीग दाबून भरला की ती उष्णता आतच साठते. त्याला काडी लावावी लागत नाही."

"आरतीची वेळ झालीय यार. ठेवा ते आत. मी अध्यक्ष म्हणून सांगतोय."

"नाही ठेवणार," काका म्हणाले आणि त्या खोक्यावर बसले. "ठेवायचं तर मला उचलून ठेवा."

सगळे हसले. काका हलले नाहीत. एकदाच बूड जरा उचललं आणि म्हणाले, "आत्ताच कोमट लागतंय. बसून बघताय?"

साहेब कशाला बसतात! मी पुढे झाले, काकांना उठवून चिंध्यांत हात घातला. आत खोलवर, नुकतंच कुणी उठून गेलेल्या गादीसारखी ऊब होती. मी तसं सांगितलं. "गर्मी किती आहे दिल्लीत," असं म्हणून साहेबांनी आरतीची तयारी पुढे सुरू केली.

आम्ही खोकं बाहेरच्या नळावर नेलं आणि एकेक चिंधी बादलीत बुडवायला लागलो. मी म्हटलं, "काका, साहेबांशी एवढं वाकडं घ्यायचं? धुराचा वास आला असता तर काकू पळतच बाहेर आल्या असत्या."

"तिला येत नाही," ते म्हणाले.

"काय?"

"वास. करोनात गेला, तो परत आलाच नाही. करपलेलं कळत नाही, गॅस कळत नाही." त्यांनी एक चिंधी पिळली, परत भिजवली. "कुणाला बोलू नका हं. लोक तिच्या हातचं खाताना विचार करतील, मग बोलावणारच नाहीत. मला हसतात तर हसू देत."

ज्या ज्या घरी काकू मदतीला जायच्या, त्या प्रत्येक घरात आधी हे नाक जाऊन यायचं. माझ्याही. आणि मी वर्षानुवर्षं त्याची नक्कल करून पाहुण्यांना हसवत होते.

आत गेलो तेव्हा मोदकांचं ताट मखरापुढे येत होतं. काका ओल्या बाह्यांनीच पुढे झाले आणि ताटावर वाकले.

"अगं बाई, झाला उष्टा!" मागून कुणीतरी म्हणालं. "टिपणीसजी, आज तरी..." साहेबांनी कपाळाला हात लावला.

काका काकूंच्या कानाशी हळूच म्हणाले, "वेलची बरोबर आहे. जायफळ कणभर जास्त. तूप ताजं."

"वाटलंच मला," काकू म्हणाल्या आणि हसल्या.

मागची कुजबूज थांबेना. मग मी पुढे गेले, सगळ्यांच्या देखत ताटावर वाकले आणि छातीभर वास घेतला.

"उष्टा झाला असेल तर आता दोघांनी केलाय," मी म्हटलं. "दाखवा नैवेद्य."