पाहणीसाठी नेलेला हात

विमा कंपनीने कोकिळाबाई फेगडे यांचा उजवा हात, खांद्यासकट, एका सोमवारी सकाळी पाहणीसाठी नेला आणि रीतसर पावती दिली. नेणारा माणूस सभ्य होता. त्याने चपला दाराबाहेर काढल्या, पाणी मागून घेतलं आणि जाताना हात स्वच्छ टॉवेलात गुंडाळला. पंधरा दिवसांत परत मिळेल, असं तो म्हणाला. त्याला आता चार महिने झाले होते.

अपघाताबद्दल वाद नव्हताच. कोकिळाबाई मांडे करायच्या. मांडा म्हणजे खापरावरची पुरणपोळी. ती पोळपाटावर जेमतेम वीतभर लाटायची आणि मग दोन्ही हातांवर घेऊन, फिरवत फिरवत, कोपरापर्यंत वाढवायची. यावल तालुक्यात लग्न ठरलं की लोक आधी कोकिळाबाईंची तारीख घेत, मग मंगल कार्यालयाची. अशाच एका लग्नाला भाड्याच्या गाडीने जाताना वळणावर एका कारने धडक दिली. चूक आपली, असं कारवाल्याने पोलिसांपुढे कबूल केलं. कारचा विमा होता. कोकिळाबाईंचा खांदा मात्र असा बसला की हात छातीच्या वर जाईना, आणि मांडा करायचा तर हात खांद्याच्या वर न्यावाच लागतो. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनला तीन लाख, आणि सहा महिन्यांच्या आत झालं तरच उपयोग. बाई बावन्न वर्षांची, नवरा हयात नाही, दुसरं काही येत नाही. तीन लाख मिळाले तर हात, नाही तर नाही.

हात नेला, पण दुखणं घरीच राहिलं. बाही रिकामी लोंबायची आणि ठणका बाहीत असायचा.

"नेला तं नेला, दुखनं तरी संगं न्यायाचं," जाऊबाई म्हणाल्या. या लीलाबाई. कोकिळाबाईंच्या वेण्या घालणं, भाकरी थापणं आणि कंपनीला शिव्या देणं, ही तिन्ही कामं चार महिने त्याच करत होत्या.

शेवटी तडजोडीसाठी जळगावच्या कचेरीत बोलावणं आलं. खांबेटे नावाचे साहेब होते. आवाज मऊ, शर्टाच्या खिशात दोन पेनं. त्यांनी दोघींना चहा मागवला आणि फाइल उघडली.

"मोटारीच्या रबरी भागांवर आम्ही सरसकट पन्नास टक्के घसारा धरतो," ते म्हणाले. "खांद्यात कूर्चा असते. ती रबरात बसते."

"अन् हाडं?" लीलाबाईंनी विचारलं.

"हाडं धातूत. पण धातू बावन्न वर्षांचा आहे." त्यांनी कागद फिरवून दाखवला. रक्कम चाळीस हजार सातशे होती.

"त्यात ऑपरेशन नई होत, साहेब," कोकिळाबाई म्हणाल्या.

"थोडं तुम्ही सोडा, थोडं आम्ही सोडतो. टाळी काही एका हाताने वाजत नाही."

लीलाबाईंनी जावेच्या रिकाम्या बाहीकडे पाहिलं आणि मग साहेबांकडे. साहेबांना त्यात काही वावगं वाटलं नसावं. ते चहा पीत होते.

"माझा हात तरी पाहू द्या," कोकिळाबाई म्हणाल्या.

तडवी नावाचे शिपाई दोघींना आवक-जावक विभागात घेऊन गेले. हात टेबलाच्या कडेला नीट बसवलेला होता. मनगटावरचं गोंदण तेच, फक्त बोटांना शाई लागली होती. एक कागद पुढे आला, हाताने शिक्का मारला. दुसरा आला, हाताने सही केली. मग त्याने फाइल उचलली आणि सरळ वर जाऊन वरच्या फळीवर ठेवली.

"पाहणी लांबली, मग बसून काय करायचं, म्हणून इकडे घेतला," तडवी म्हणाले. त्यांच्या बोलण्यात आदर होता. "कागद पुढे सरकवला की झालं, विचारावं लागत नाही. चार महिन्यांत एक चूक नाही."

कोकिळाबाईंनी पुढे होऊन डावा हात त्या हातावर ठेवला. उजवा हात क्षणभर थांबला. मग त्याने डाव्या हाताच्या पाठीवर 'आवक'चा शिक्का मारला. कोकिळाबाईंना रडू आलं, आणि चार माणसांत रडू आलं म्हणून लाजही वाटली.

खांबेटे साहेबांची अडचण आता वाढली होती. हात तर वर जातो. दुखणं कोकिळाबाईंकडे आहे. विमा शरीराच्या इजेचा, आणि शरीराचा इजा झालेला भाग कचेरीत ठणठणीत.

"फाइल उचलनं अन् मांडा करनं एक नव्हे, साहेब," कोकिळाबाई म्हणाल्या. "मांडा करू लागलं की ठणका उठतो. हात थरथरतो. फाटून जाईन मांडा."

साहेबांनी फाइल मिटली. माणूस वाईट नव्हता, हे सांगायला हवं. "मग प्रात्यक्षिक घेऊ," ते म्हणाले. "येत्या गुरुवारी, इथेच गच्चीवर. हात तेवढ्यापुरता तुम्हाला जोडून देतो. मांडा फाटला, तर पूर्ण तीन लाखांची शिफारस मी स्वतः करतो. लेखी देतो."

लीलाबाईंनी बस स्टँडवर येईपर्यंत कळ काढली. "हात दाखवून अवलक्षण होईन, सांगून ठेवते," त्या म्हणाल्या. "पन तुले काय करायचं हाये? फाडायचा फक्त. माह्या हातचा तर रोज फाटतो."

"फाडीन," कोकिळाबाई म्हणाल्या.

गुरुवारी दोघी खापर, सरपण, भिजवलेली कणीक आणि पुरणाचा डबा घेऊन गच्चीवर पोहोचल्या. कचेरीतली सात माणसं कामं सोडून आली होती. तडवींनी हात आणला आणि पावतीवर नोंद करून खांद्याशी जोडला. चार महिने वेगळे राहिलेले हात आणि दुखणं एकमेकांना भेटले. कोकिळाबाईंच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यांनी कठड्याला धरलं, दोन श्वास घेतले आणि कणकेचा गोळा उचलला.

पुरण भरून झालं, वीतभर लाटून झालं. त्यांनी मांडा हातांवर घेतला. आता नखाचा एक धक्का पुरे होता. लीलाबाईंनी मान हलवून खूणही केली.

"माझी आजी करायची असा," टायपिंगच्या बाई शेजारणीला म्हणाल्या. "आता कोणाला येतो?"

कोकिळाबाईंनी ते ऐकलं. तीस वर्षांत लोकांसमोर त्यांचा एकही मांडा फाटला नव्हता. पावसात नाही, ताप अंगावर असताना नाही, नवऱ्याला जाऊन महिना झाला होता तेव्हाही नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. त्यांनी मांडा फिरवायला सुरुवात केली. छातीपर्यंत ठणका होता. छातीच्या वर तो ठणका राहिला नाही, दुसरंच काही झालं, त्याला त्यांच्याकडे शब्द नव्हता. हात खांद्याच्या वर गेला. आत काहीतरी कटकन वाजलं, ते लीलाबाईंना तीन पावलांवर ऐकू आलं. मांडा मनगटावरून उतरला, कोपराला टेकला, इतका पातळ की पलीकडे उभ्या साहेबांच्या खिशातली पेनं त्यातून दिसली. मग तो खापरावर पडला. त्याला सुईएवढंही भोक नव्हतं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खांबेटे साहेबांनीही वाजवल्या, आणि मग फाइलमध्ये लिहिलं, 'हात पूर्ण कार्यक्षम. भरपाई निरंक.'

"साहेब, जीव जात होता माझा," कोकिळाबाई म्हणाल्या.

"असेल," साहेब म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "पण दिसलं नाही हो. तोंडावरसुद्धा दिसलं नाही."

"पाव्हन्यांसमोर तोंड वाकडं कसं करायचं?"

साहेबांनी एक कागद काढून खापराशेजारच्या स्टुलावर ठेवला. कागदात दोन कलमं होती. पहिलं, अर्जदाराचं पूर्ण आणि अंतिम समाधान झालं आहे. दुसरं, सदर हात आवक-जावक विभागात निवृत्तीच्या वयापर्यंत राहील, म्हणजे आणखी आठ वर्षं.

"मान्य नसेल तर सही करू नका. वर दाद मागता येते. तो तुमचा हक्क आहे," ते म्हणाले.

"मी सही करनार नई," कोकिळाबाई म्हणाल्या. हे त्यांनी स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. तोपर्यंत तडवींनी कागद नीट दिसावा म्हणून थोडा पुढे सरकवला होता. उजव्या हाताने पेन उचललं आणि सही केली. मग कागद डावीकडे सारून तो पुढच्या कागदाची वाट पाहत राहिला.

खांबेटे साहेबांनी सही अर्जावरच्या जुन्या सहीशी ताडून पाहिली. जुळत होती. लीलाबाईंनी तोंडाला पदर लावला. त्या दिवशी त्यांनी कोणालाही शिवी दिली नाही.

मांडा तुपाबरोबर वाटला गेला. सात जणांत तो संपला आणि तडवींच्या ताटलीत काही आलं नाही. ताटली खाली ठेवून त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि झटकून हातासाठी पसरला. आवक-जावकमध्ये सकाळपासूनचं टपाल पडून होतं.

"थांबा," कोकिळाबाई म्हणाल्या, आणि डाव्या हाताने कणकेचा दुसरा गोळा उचलला. "हात न्यायच्या आधी तुमच्यापुरता एक करून देते. उपाशी नका जाऊ."