तीन थेंब आणि अर्धी बाटली

"ह्या खेपेला तुम्ही त्याला एकही प्रश्न विचारायचा नाही," असं लेकीने, चिनामीने, फोनवर बजावलं, तेव्हा मिनेगिशी मास्तरांना मनापासून वाईट वाटलं. प्रश्न विचारणं म्हणजे आस्था दाखवणं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत. जपानातल्या त्सुरुओका गावच्या शाळेत अडतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाने प्रश्न विचारायचे नाहीत, तर काय भिंतीकडे बघत बसायचं? पण दोन वर्षांपूर्वी चिनामीने असाच एक मुलगा घरी आणला होता. मास्तरांनी त्याला पगारापासून पित्तापर्यंत आणि आजोबांच्या दम्यापासून भूकंपात तो आधी काय उचलेल इथपर्यंत, सलग अडीच तास तपासलं. पोरगा कमरेत वाकून, नीट आभार मानून गेला, आणि त्यानंतर त्याने चिनामीचा फोनसुद्धा उचलला नाही. आता चिनामी चौतिशीची झाली होती. हाही पळाला तर मी नववर्षाला घरी येणार नाही, असं ती म्हणाली. ती बोलते ते करते, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं, कारण हा हट्टीपणा तिने त्यांच्याकडूनच उचलला होता.

तेव्हा तोंडाला सुट्टी द्यायची तर हातांना काम हवं, असा त्यांनी विचार केला. मुलाचं नाव कुमागाई नाओतो, सेन्दाईला लिफ्ट दुरुस्त करतो, आणि त्याला व्हिस्की आवडते, एवढंच चिनामीने सांगितलं होतं. मास्तर वाचनालयात गेले आणि एका मासिकातून शरद ऋतूच्या खास कॉकटेलची कृती सुवाच्य अक्षरात उतरवून आले. पर्सिमॉनचा, म्हणजे टोमॅटोसारख्या दिसणाऱ्या त्या केशरी फळाचा गर, आल्याचा रस, मध, बर्फ, आणि वर व्हिस्की. निवृत्त होताना शाळेने दिलेली उंची बाटली कपाटात तशीच होती. अंगणातलं झाड पर्सिमॉनने लगडलेलं होतं. सगळं कसं जमून आल्यासारखं वाटत होतं.

अडचण रविवारी सकाळी निघाली. अंगणातलं झाड तुरट जातीचं. त्या गावात दुसरी जात लावतच नाहीत म्हणा ना. फळं उतरवायची, प्रत्येकाच्या देठाला कडक दारूचे दोनतीन थेंब लावायचे, पिशवीत घालून तोंड गच्च बांधायचं आणि दहा दिवस हात लावायचा नाही. मग तीच फळं साखरेसारखी लागतात. त्याआधी चावलीत तर तोंडाला अशी मिठी बसते की सांगता सोय नाही. फुसाएबाईंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, तयार झालेली पिशवी आदल्याच दिवशी शेजारीपाजारी वाटून टाकली होती. उरली ती परवा बांधलेली.

दुसऱ्या कुणी नाद सोडला असता. पण मास्तर पडले विज्ञानाचे. त्यांनी उभ्या उभ्या हिशेब मांडला. तीन थेंबांना दहा दिवस लागतात. म्हणजे थेंब वाढवले की दिवस कमी होणार. आपण तर अर्धी बाटली ओतणार आहोत. मग तुरटपणा किती वेळ टिकेल? फार तर दहा मिनिटं. इतकी साधी गोष्ट गावात आजवर कुणाच्या डोक्यात कशी आली नाही, याचं त्यांना आश्चर्य वाटलं आणि जरा अभिमानही वाटला.

त्यांनी पिशवी सोडली, फळं सोलली, मिक्सरमधून काढली आणि व्हिस्कीत बुडवून घड्याळ लावलं. तेवढ्यात फुसाएबाई स्वयंपाकघरात आल्या. त्यांनी सुटलेली पिशवी पाहिली, भांडं पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

"मध जरा जास्तच घाला," एवढंच त्या म्हणाल्या आणि ताटल्या घेऊन गेल्या.

दहा मिनिटांनी मास्तरांनी काडीच्या टोकाने थेंबभर चाखलं. मधच मध. प्रयोग यशस्वी.

दुपारी दोनला पाहुणे आले. नाओतो उंच, खांदे पाडून बसणारा, आणि इतका घाबरलेला की मिठाईचा डबा त्याने दोनदा दिला. मास्तरांनी लाल मेपलचं पान लावलेले ग्लास आणले. चिनामी गाडी चालवणार म्हणून तिने चहा घेतला. फुसाएबाईंनी ग्लास ओठांना लावला आणि खाली ठेवला. नाओतोने मात्र धीर यावा म्हणून एका दमात अर्धा संपवला. त्याचे डोळे मोठे झाले, गाल आत गेले.

"फार... छान," तो कसाबसा म्हणाला.

यजमानाने केलेलं पाहुण्याने टाकायचं नाही, म्हणून त्याने उरलेलंही संपवलं. पाहुण्याचा ग्लास रिकामा ठेवायचा नाही, म्हणून मास्तरांनी लगेच भरला. त्याने तोही रिकामा केला, यांनी तोही भरला. दोघेही घरचे संस्कार पाळत होते, दुसरं काय. तिसऱ्या ग्लासाला नाओतो नुसता मान डोलवू लागला. मुलगा मितभाषी आहे, मास्तरांना वाटलं, आणि त्यांना राहवेना.

"भावंडांत थोरले की धाकटे?" त्यांच्या तोंडून निसटलंच.

टेबलाखालून चिनामीची लाथ बसली. चूक झाली खरी. जीभ आवरण्यासाठी मास्तरांनी स्वतःचा ग्लास उचलला आणि गटागटा रिकामा केला.

आधी गोड लागलं. मग जीभ टाळ्याला जी चिकटली ती चिकटली. ओठ आतून वाळले, हिरड्या आवळल्या, तोंडात कुणी चुन्याची भिंत लिंपल्यासारखं झालं. नेमकं त्याच वेळी नाओतो बसायच्या उशीवरून खाली सरकला आणि चटईवर दोन्ही हात टेकून बसला.

"चिनामीचा... हात... मला..." मागणी घालायचं, आठवडाभर घोकलेलं वाक्य तिथेच अडकलं. मग त्याने कपाळच चटईला टेकवलं.

मास्तरांना खूप काही म्हणायचं होतं. थांबा, थोडं बोलू, नववर्षापर्यंत विचार करू, असं सगळं. त्यांनी जोर लावला. तोंडातून फक्त "म्म" निघालं, आणि त्या जोरासरशी डोळ्यांतून घळाघळा पाणी. निदान हाताने थांबवावं म्हणून ते पुढे झुकले, तर तोल जाऊन त्यांचंही कपाळ चटईला टेकलं.

बापाला रडताना चिनामीने जन्मात पाहिलं नव्हतं. तीही रडायला लागली. फुसाएबाईंनी पदराला हात पुसावेत तसे एप्रनला हात पुसले आणि म्हणाल्या, "झालं तर मग. लग्न वसंतात करू."

पाहुणे चारला गेले. दोन पेले दूध प्यायल्यावर मास्तरांना वाचा फुटली.

"तू बघितलं होतंस. सांगितलं का नाहीस?"

"सकाळी तुमच्या सदऱ्याला इस्त्री केली," फुसाएबाई ग्लास विसळत म्हणाल्या. "खिशात चिठ्ठी होती. अकरा प्रश्न. त्या बिचाऱ्याचंही तोंड बंद होईल हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही."

मास्तर हळूच म्हणाले, "अकरावा तेवढा विचारायचा राहिला. पोरीला सुखात ठेवशील ना, असा होता."

"तीन ग्लास प्यायला तो, तिच्यासाठी. अजून काय उत्तर हवं?"

तेवढ्यात चिनामीचा फोन आला. फुसाएबाईंनी ऐकून घेतलं. नाओतोने वाटेत कॉकटेलची तारीफ केली होती, आणि एकदा केलेली तारीफ मागे कशी घेणार? पुढच्या महिन्यात त्याचे आईवडील भेटायला येतील, तेव्हाही बाबांनी तेच करावं, अशी त्याची विनंती होती.

मास्तर खजील होऊन हातानेच नको नको म्हणत होते. फुसाएबाईंनी तिकडे पाठ केली.

"त्याचे वडील कसे आहेत गं?" त्यांनी विचारलं. "फार बोलतात?"

पलीकडून बराच वेळ उत्तर चाललं होतं. ऐकता ऐकता फुसाएबाईंनी परडी घेतली आणि झाडावरची सगळ्यात कच्ची फळं कुठली ते बघायला त्या अंगणात उतरल्या.