मशीनची घरघर

घरात चांगला वाजणारा रेडिओ असताना तो उघडायची बुद्धी माणसाला का होते, हे जोतीरामांना अखेरपर्यंत सांगता आलं नाही. सातारच्या एका सरकारी कचेरीत ते कारकून होते. त्याआधी फौजेत, सिग्नल्समध्ये हवालदार. फौजेनं त्यांना वायरींची जाण दिली, आणि आपलं तेच बरोबर असतं ही खात्रीही दिली. (जाण अलीकडे जरा मंदावली होती. खात्री होती तशीच होती.)

निमित्त झालं म्हसवडच्या एका माणसाचं. कचेरीत कामाला आलेला तो गडी जाता जाता म्हणाला, "हवालदार, तुमचा मेव्हणा रेडिओवर येतोय की. पुढल्या बेस्तरवारी, सांजच्याला. सांगलीवरनं ओव्या म्हणणार हाय धुळा."

जोतीरामांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा त्यांची बायको हरणाबाई ज्वारी पाखडत होती. सूप मधेच थांबलं.

"धुळा? आपला धुळा?"

"तोच."

हरणाबाईनं सूप बाजूला ठेवलं. आई गेल्यावर या भावाला तिनंच कडेवर घेऊन वाढवलं होतं, आणि तीन वर्षं तिनं त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. याला कारण जोतीराम. औंधच्या एका लग्नात, भर पंगतीत ते धुळाला म्हणाले होते, "किती दिवस मेंढरांच्या मागं हिंडणार? ती विकून टाक. मी तुला कचेरीत शिपाई म्हणून चिकटवतो." धुळा ताटावरून उठला, हात धुतला आणि चालू लागला. तेव्हापासून त्याचा कळप सातारच्या वाटेनं कधी आला नाही. घरात भांडण असं झालं नाही. हरणाबाईचं बोलणं मात्र कमी कमी होत गेलं आणि संध्याकाळी घर नको इतकं शांत वाटू लागलं.

आपलं चुकलं हे जोतीरामांना कळत होतं. पण माफी मागणं त्यांना जमत नव्हतं. डाग देऊन तारा जोडणं तेवढं जमत होतं. त्यांनी ठरवलं, धुळाचा आवाज आपल्या घरात असा वाजवायचा की तो समोर बसून गातोय असं हिला वाटावं.

म्हणून रेडिओ उघडला. त्यातला स्टेशन लावायचा भाग काढून घेतला. फौजेच्या मोडीत निघालेल्या सामानातून आणलेला ट्रान्सफॉर्मर आणि काचेच्या दिव्यांसारखे मोठाले व्हॉल्व्ह पत्र्यावर बसवून आवाज मोठा करणारा अँप्लिफायर केला आणि तो त्या भागाला जोडला. हरणाबाईची माहेरची लाकडी पेटी रिकामी करून तिच्या फळीला गोल भोक पाडलं आणि त्यात परातीएवढा स्पीकर बसवला. पेटीतली लुगडी दोरीवर गेली.

बुधवारी बटण दाबलं. व्हॉल्व्ह लाल झाले, आणि पेटीतून भली मोठी घरघर सुरू झाली. तिच्यामागं कुठंतरी लांब एक बाई बातम्या देत असावी.

"कोण आजारी हाय का आत?" हरणाबाईनं विचारलं.

"याला हम म्हणतात. अर्थिंग पाहिजे. मग जातंय."

अर्थिंगसाठी त्यांनी नळाच्या पाइपाला तार बांधली. घरघर थोडी कमी झाली. एका तारेनं एवढा फरक, तर दोन तारांनी किती पडेल, असा हिशोब करून त्यांनी परसात खड्डा खणला, त्यात तांब्याचा पत्रा पुरला आणि वर चुलीचा सगळा कोळसा नि घरातलं सगळं मीठ ओतलं. (त्या दिवशीची आमटी अळणी होती. हरणाबाईनं वाढली, त्यांनी खाल्ली, कुणी विषय काढला नाही.) दुसरी तार जोडल्यावर घरघर दुप्पट झाली. जोतीरामांनी याचा अर्थ असा लावला की खड्डा उथळ आहे.

गुरुवारी ते कचेरीतून लवकर निघाले. ओव्यांची वेळ झाली तेव्हा मशीन गिरणीसारखं घरघरत होतं आणि जोतीराम पालथे पडून त्याच्या पोटात बघत होते. हरणाबाई नवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन पेटीसमोर बसली होती. थोडा वेळ तिनं वाट पाहिली.

"आवं, सुरू झालं आसंल."

"दोन मिनिटं."

"हाय त्या घरघरीत लावा की. मला आवाज वळखू यील."

"असं गढूळ ऐकायचं असतं तर एवढं कशाला केलं असतं? दोन मिनिटं थांब."

ती थांबली नाही. उठली आणि शेजारी लालासाहेब सुभेदारांकडं गेली. त्यांच्याकडं लहानसा ट्रान्झिस्टर होता. इकडं जोतीरामांनी ट्रान्सफॉर्मर फिरवून पाहिला, तारा सोडल्या, परत बांधल्या. शेवटी वैतागून परसातल्या खड्ड्याची तार हिसडून काढली.

घरघर गेली. साफ गेली. थोडा घोळ ट्रान्सफॉर्मरच्या जागेचा होता, बाकीचा सगळा दोन ठिकाणच्या दोन अर्थिंगांनी घातला होता. खोलीत शांतता पसरली, आणि त्या शांततेत एक भरदार, स्वच्छ आवाज उमटला, "आता ऐका हळद आणि गुळाचे बाजारभाव."

जोतीराम जमिनीवर बसून राहिले. गुळाचे भाव त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. निवेदक मधे एकदा आवंढा गिळतो, तेसुद्धा त्यांना ऐकू आलं.

हरणाबाई परतली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"सुभेदारांच्या पल्याडची पिठाची गिरणी चालू हुती," ती म्हणाली. "नुसती खरखर. नाव धुळ्याचंच घेतलं. पण गाणं कुणाचंबी असावं तसं वाटलं. मला माझ्या भावाचा आवाज घावला न्हाई."

इथं जोतीरामांनी गप्प बसायला हवं होतं. पण तिचा चेहरा त्यांना बघवेना. (शिवाय मशीन आता खरोखरच चांगलं वाजत होतं, आणि ते कुणाला तरी सांगायचं होतं.)

"इथं आला की," ते म्हणाले. "तू गेलीस आणि लगेच हम गेला. धुळाचा आवाज असा आला, असा आला की त्याचा श्वास ऐकला मी."

"खरं?"

"तर. तुझं नाव घेतलं ओवीत. सातारची माझी आक्का, म्हणाला."

हरणाबाईनं पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ रडली. मग उठून तिनं शेजारून मीठ आणलं आणि पिठलं केलं. त्या संध्याकाळी ती बोलत होती. धुळा लहानपणी कोकराला कसा मिठी मारून झोपायचा, ते दोनदा सांगितलं. जोतीराम खाली मान घालून जेवले. पिठलं फार चांगलं झालं होतं, तरी त्यांनी दुसऱ्यांदा मागितलं नाही.

बाजाराला आलेल्या एका म्हसवडकराबरोबर तिनं निरोप धाडला: माझं नाव घेतलंस, मला पोचलं, आता ये.

आणि धुळा आला. खांद्यावर घोंगडं, हातात तुपाचा गडू. बहिणीच्या पाया पडला, दाजींच्याही पडला. हरणाबाईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. जोतीरामांनी चहा होईपर्यंत अँप्लिफायरची सगळी माहिती त्याला दिली.

"ह्यांनी ऐकलं तुझं गाणं," हरणाबाई म्हणाली. "श्वाससुदिक ऐकला."

धुळानं बशी खाली ठेवली. बहिणीकडं बघितलं, मग दाजींकडं. त्याला खोटं बोलायची सवय नव्हती.

"आक्का, त्या दिशी मी गायलोच न्हाई. सांगलीला जाताना भिजलो, घसा पार बसला. संगतीच्या नाथाजीनं गायलं, नाव तेवढं माझं पुकारलं. म्या मागं ढोल वाजवला." बशी परत उचलत तो म्हणाला, "निरोपातलं नाव घेतल्याचं मला काय उमगलं न्हाई. पर म्हटलं, आक्का बोलावतीया तर जावं."

जोतीरामांनी चष्मा काढून पुसायला घेतला. हरणाबाई त्यांच्याकडं बघत राहिली. त्या नजरेत राग असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

"औंधला बोललो ते बोलायला नको होतं," ते शेवटी म्हणाले. चष्मा अजून हातातच होता, त्यामुळं समोरचं कुणीच त्यांना नीट दिसत नव्हतं.

"ऱ्हाऊ द्या, दाजी," धुळा म्हणाला.

हरणाबाईनं चहाची भांडी उचलली, आत ठेवली आणि परत येऊन उंबऱ्यावर बसली. "धुळ्या, आता म्हण. हितंच."

धुळानं डोळे मिटले, कानाला हात लावला आणि बिरोबाची ओवी उचलली. आवाज अजून थोडा बसकाच होता. हरणाबाईनं भिंतीला डोकं टेकलं. तिचे ओठ त्याच्याबरोबर हलू लागले.

जोतीरामांनी ओवीची एक ओळ ऐकली. दुसरी ऐकली. "धुळा, जरा डावीकडं तोंड कर," ते हळूच म्हणाले. "भिंतीनं आवाज घुमतोय. माईक असता तर हाच आवाज मशीनमधनं आपण..."

"आवं," हरणाबाई डोळे न उघडता म्हणाली, "घरघर येतीया. तेवढी बंद करा."

जोतीराम लगबगीनं उठले आणि मशीनपाशी गेले. मशीनची पिन सकाळपासून काढून ठेवलेली होती.